‘बस वाढवा’ एवढ्याने बस वाढत नाही : ठाण्यातल्या प्रवासी गटाने मागणी कशी बांधावी

प्रश्न थोडक्यात असा : घोडबंदर रोडवर वाघबीळ ते ओवळा या पट्ट्यातल्या काही सोसायट्यांनी मिळून प्रवासी गट केला आहे. सकाळी ठाणे स्टेशनला जाणारी बस अर्धा-अर्धा तास येत नाही आणि आली की दोन-तीन एकदम येतात. रोजची रिक्षा झेपत नाही. सह्यांची निवेदने सगळीकडे देऊन झाली, पोचही मिळाली, पुढे काही नाही. बस वाढाव्यात आणि प्रवास स्वस्त व्हावा यासाठी नेमके काय करावे?

तुमच्या निवेदनात बहुधा फेऱ्या वाढवा, भाडे कमी करा, स्टेशनबाहेरची कोंडी फोडा, मेट्रो लवकर सुरू करा, असे सगळे एकाच कागदावर असेल. असा कागद कुठल्याही टेबलावर गेला तरी तिथल्या माणसाला त्यातले एखादेच वाक्य लागू पडते. उरलेले ‘संबंधित विभागाकडे वर्ग’ होते आणि फाइल फिरत राहते. यात अधिकाऱ्याचा आळस असतोच असे नाही, पुष्कळदा सही करण्याजोगे काही त्या कागदात नसते. ज्याच्या हातात कागद द्याल त्याला आपल्या अधिकारात सही करता येईल एवढ्याच मापाची मागणी हवी : एक मार्ग, एक वेळपट्टा, किती जादा किलोमीटर आणि त्याला किती पैसे.

आधी कोणाच्या हातात काय आहे ते पाहू. शहरातली बस ठाणे परिवहन सेवेची, म्हणजे टीएमटीची. ती १९८९ पासून महापालिकेचा उपक्रम म्हणून चालते. रोजचे वेळापत्रक, कोणत्या मार्गावर किती गाड्या, कुठे थांबा, हे परिवहन व्यवस्थापकाच्या पातळीवर ठरते. पैसा लागणारे निर्णय परिवहन समिती, स्थायी समिती आणि महासभा असे वर चढतात. महापालिका अधिनियमात परिवहन समितीवर नगरसेवक नसलेली, वाहतूक किंवा प्रशासनाचा अनुभव असलेली माणसेही नेमता येतात. तुमच्या गटाला ओळखणारा एखादा सदस्य त्यात असला तर विषय पटलावर यायला निम्मा वेळ वाचतो. बसचे भाडे मात्र महापालिका एकटी ठरवू शकत नाही. ठराव झाल्यावर मुंबई महानगर प्रदेश वाहतूक प्राधिकरणाची, म्हणजे एमएमआरटीएची मंजुरी लागते. रिक्षा-टॅक्सीचे भाडेही तेच प्राधिकरण ठरवते. रस्त्यावर गाडी अडकते तो प्रश्न वाहतूक पोलिसांचा. अवजड वाहनांच्या प्रवेशाच्या वेळा मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खालच्या अधिसूचनेने ठरतात. लोकलचे वेळापत्रक मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाकडे आणि लोकलचे भाडे थेट दिल्लीत.

खाडीपलीकडे हिशेब आणखी वेगळा. नवी मुंबईतल्या रेल्वेच्या खर्चात सिडकोचा, म्हणजे ते शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाचा, वाटा ६७ टक्के आणि रेल्वेचा ३३ टक्के होता. तिथल्या स्थानकांच्या इमारती आणि बाहेरचा परिसर सिडकोच्या अखत्यारीत आला तो याच वाटणीतून. ऐरोली-घणसोलीतला कुणी तुमच्या गटात असेल आणि स्थानकाच्या गळक्या छताची तक्रार रेल्वेकडे करत असेल, तर ती फिरतच राहणार.

आता मोजणी. सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. ‘बस अर्धा तास येत नाही’ या वाक्याला परिवहनच्या बैठकीत उत्तर तयार असते : ‘आमच्या नोंदीनुसार दर दहा मिनिटांना गाडी आहे.’ दोन्ही बाजू खरे बोलत असू शकतात. तासाला सहा गाड्या सुटल्या म्हणून नोंदीत सरासरी दहा मिनिटे दिसते. पण कोंडीत पुढची गाडी रखडते, तिला प्रत्येक थांब्यावर जास्त माणसे मिळतात, ती आणखी रखडते आणि मागची मोकळी गाडी तिला येऊन चिकटते. मग थांब्यावर अंतरे अशी पडतात : २ मिनिटे, १८, २, १८, २, १८. गाड्या सहाच, सरासरी दहाच, पण माणूस जास्त करून १८ मिनिटांच्या खिंडारात सापडतो.

याचा हिशेब सोपा आहे. प्रत्येक अंतराचा वर्ग करा, त्यांची बेरीज करा आणि एकूण मिनिटांच्या दुपटीने भागा. वरच्या उदाहरणात तीन वेळा ४ आणि तीन वेळा ३२४, बेरीज ९८४, भागिले १२०, म्हणजे सरासरी वाट पाहणे ८.२ मिनिटे. गाड्या नीट दहा-दहा मिनिटांनी आल्या असत्या तर हाच आकडा ५ आला असता. एकही नवी गाडी न घेता तीन मिनिटांचा फरक पडतो. ही गोष्ट परिवहनच्या माणसाला पटते, कारण त्यात त्याच्याकडे नसलेली बस तुम्ही मागत नाही. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००९ मध्ये नागरी वाहतुकीचे सेवा निर्देशांक दिले. त्यात सरासरी ४ मिनिटांपर्यंतची वाट ही पहिली पातळी आणि १० मिनिटांच्या वरची शेवटची. तुमचा आकडा त्या तक्त्यात कुठे बसतो ते निवेदनात एका ओळीत लिहा.

मोजायचे कसे? मंगळवार, बुधवार, गुरुवार घ्या. सोमवार आणि शुक्रवार हे दिवस वेगळेच वागतात. सणाचा, परीक्षांचा किंवा मुसळधार पावसाचा आठवडा टाळा. सकाळी साडेसात ते साडेदहा, संध्याकाळी साडेपाच ते नऊ. निदान दोन थांबे हवेत : एक तुमचा, उदाहरणार्थ कासारवडवली, आणि एक पुढे, कापूरबावडीच्या आसपास. मागच्या थांब्यावर गाड्या नीट येतात आणि पुढच्यावर चिकटतात असे दिसले तर दोष रस्त्याचा. पहिल्याच थांब्यावर चिकटलेल्या दिसल्या तर दोष सुटण्याच्या जागेचा, म्हणजे नियंत्रकाने अंतर न राखता गाड्या सोडल्या. उपाय दोन्हीचे वेगळे आहेत आणि टेबलेही वेगळी.

कागदावर सात रकाने पुरतात : थांबा, वेळ मिनिटापर्यंत, मार्ग क्रमांक, गाडीचा नंबर, एसी की साधी, गर्दी आणि मागे राहिलेली माणसे. गर्दीसाठी आकडे मोजत बसू नका, खुणा ठरवा : जागा रिकामी, सगळ्या जागा भरलेल्या, उभे प्रवासी, दारापर्यंत गच्च. शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा आणि तोच बहुतेक गट विसरतात. बस आली, थांबली, आणि नऊ माणसे चढू न शकल्यामुळे मागे राहिली, ही नोंद तिकीट मशीनमध्ये कधीच येत नाही. परिवहनला उत्पन्न दिसते, हुकलेले उत्पन्न दिसत नाही. ते त्यांना दाखवणारे तुम्हीच.

एका थांब्यावर एका वेळी दोघे हवेत. एकाने नंबर वाचायचा, दुसऱ्याने लिहायचे. एकटा माणूस तासाभरात कंटाळून अंदाजे लिहायला लागतो आणि अंदाजे लिहिलेली वही बैठकीत पहिल्या पाच मिनिटांत उघडी पडते, कारण सगळ्या वेळा ५ किंवा ० ने संपतात.

तुमची वही तयार झाली की त्यांची वही मागवा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज परिवहन सेवेच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे करा. शुल्क १० रुपये. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम ६(३) खाली त्यांनी तो पाच दिवसांत योग्य जागी पाठवायचा असतो, पण त्या भरवशावर राहू नये. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, त्यामुळे प्रस्तावना नको. आणि ‘बस उशिरा का येते?’ असे विचारू नका. ‘का’ला उत्तर देणे बंधनकारक नाही, नोंद देणे आहे. मजकूर एवढाच पुरे :

‘मार्ग क्रमांक अमुक, दिनांक अमुक ते अमुक. १) मार्गाचे मंजूर वेळापत्रक. २) दिवसनिहाय नियोजित फेऱ्या, प्रत्यक्ष झालेल्या फेऱ्या आणि रद्द फेऱ्यांची नोंदवलेली कारणे. ३) दिवसनिहाय धावलेले किलोमीटर आणि तिकीट उत्पन्न. ४) रद्द किंवा उशिरा झालेल्या फेऱ्यांबद्दल कंत्राटदाराला लावलेल्या दंडाचा तपशील. वरील कागदपत्रांच्या प्रती मिळाव्यात.’

तीस दिवसांत उत्तर नाही किंवा अर्धवट आले, तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे. त्यानंतर नव्वद दिवसांत दुसरे अपील राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे. दुसऱ्या अपिलाला फार वेळ लागतो. म्हणून उत्तर अडले की समांतर एक काम करा : अभिलेख प्रत्यक्ष पाहण्यासाठी अर्ज करा. पहिल्या तासाला पैसे पडत नाहीत, आणि समोर बसून नोंदवही चाळताना जे कळते ते झेरॉक्समध्ये कळत नाही.

अर्जातला चौथा, दंडाचा मुद्दा का विचारायचा ते समजून घ्या. आता बऱ्याच बस, विशेषतः इलेक्ट्रिक, जीसीसी पद्धतीच्या कंत्राटावर चालतात : गाडी आणि चालक कंत्राटदाराचे, तिकिटाचे पैसे परिवहनचे, आणि कंत्राटदाराला दर किलोमीटरमागे ठरलेली रक्कम. अशा कंत्राटांत दर महिन्याला किंवा वर्षाला ठराविक किलोमीटरची हमी असते. गाडी कमी धावली आणि चूक कंत्राटदाराची नसली, तरी हमीतल्या किलोमीटरचा काही भाग परिवहनला मोजावा लागतो. म्हणजे हमीचे किलोमीटर शिल्लक असतील तर त्यातून दिलेली जादा फेरी जवळपास फुकट पडते. हा मुद्दा मांडणारा नागरिक समोर आला की बैठकीचा सूर बदलतो. कंत्राटाची प्रत मागितली तर कधी ‘व्यापारी गोपनीयता’ म्हणून कलम ८(१)(घ) पुढे केले जाते. सार्वजनिक पैशातून झालेल्या, सही झालेल्या कंत्राटाला ते सहजासहजी लागू पडत नाही. अपिलात व्यापक जनहिताचा मुद्दा लिहा. सगळे कंत्राट नाही मिळाले तरी दर, हमीचे किलोमीटर आणि दंडाचे परिशिष्ट एवढी पाने मागा.

पुढची पायरी आकडेमोड. कासारवडवली ते ठाणे स्टेशन हे अंतर १२ किलोमीटर धरू. गर्दीत जायला ६० मिनिटे, यायला ६०, दोन्ही टोकांना १०-१० मिनिटे थांबा : एक फेरा १४० मिनिटांचा. दर दहा मिनिटांना बस हवी तर १४० भागिले १०, म्हणजे १४ गाड्या. आता जाण्या-येण्याचा वेळ ४५-४५ मिनिटांवर आला तर फेरा ११० मिनिटांचा आणि गाड्या ११. तीन गाड्या मोकळ्या झाल्या. नव्या गाड्या खरेदीची निविदा, केंद्राची योजना, चार्जिंग स्टेशन यांची वाट पाहण्यापेक्षा कापूरबावडी आणि माजिवड्याच्या सिग्नलवर बसला पंधरा मिनिटे वाचवून देणे कितीतरी स्वस्त. म्हणून तुमच्या मागणीपत्राची एक प्रत वाहतूक शाखेच्या पोलीस उपायुक्तांना जायलाच हवी, आणि तिच्यात बस वाढवण्याबद्दल एक शब्दही नको. त्यात फक्त हे : अमुक चौकात उजवे वळण बंद करावे, अमुक थांब्यापुढचे रिक्षांचे बेकायदा स्टँड हटवावे, अवजड वाहनांच्या बंदीची वेळ सकाळी अमुकपर्यंत लांबवावी. कलम ११५ ची अधिसूचना प्रायोगिक स्वरूपात निघते तेव्हा हरकती-सूचना मागवतात. त्या मुदतीत लेखी सूचना दिली नाही तर नंतरचे बोलणे वाया.

खर्चाचा हिशेब मागणीत तुम्हीच द्या. समजा सकाळी चार जादा फेऱ्या, प्रत्येकी जाऊन-येऊन २४ किलोमीटर : रोज ९६ किलोमीटर. कंत्राटाचा दर ६० रुपये धरला (खरा दर माहिती अधिकारातून आलेला घाला) तर ५,७६० रुपये. स्टेशनकडे जाताना ५० आणि परत येताना १५ प्रवासी धरले, सरासरी तिकीट १५ रुपये, तर चार फेऱ्यांत २६० प्रवासी आणि ३,९०० रुपये. वाहकाचा पगार वेगळा. रोजची तूट १,८६० रुपये, महिन्याचे २२ कामाचे दिवस धरून सुमारे ४१ हजार. बरेच गट ही तूट लपवतात आणि ‘मार्ग फायद्यात चालेल’ असे लिहितात. तसे करू नका. शहरी बस जगात फार थोड्या ठिकाणी तिकिटावर भागते, हे समोरच्याला माहीत असते. तूट स्पष्ट लिहा आणि तिला प्रवाशांनी भागा : माणशी सात रुपयांच्या आसपास. एका रस्त्याच्या डांबरीकरणापुढे महिन्याला ४१ हजार ही काय रक्कम आहे, ते स्थायी समितीत एखादा सदस्य स्वतःहून म्हणेल.

बस किती कमी आहेत याचा मोठा आकडा हवाच असेल तर तोही त्याच २००९ च्या निर्देशांकांतून निघतो. हजार लोकसंख्येमागे ०.६ बस ही पहिली पातळी, ०.४ ही दुसऱ्या पातळीची खालची सीमा. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार होती. त्या हिशेबाने पहिल्या पातळीला ११०५ बस आणि दुसऱ्या पातळीला निदान ७३७. लोकसंख्या त्यानंतर वाढली ती वेगळीच. पण हा आकडा भाषणाला आणि अंदाजपत्रकाच्या चर्चेला ठेवा. वाघबीळच्या थांब्यावरचे चार फेऱ्यांचे काम त्याने होत नाही, उलट ‘बसच नाहीत तर काय करणार’ असे आयते उत्तर मिळते.

मागणी देण्याचा काळ ठरलेला आहे. पुढच्या वर्षाचे परिवहनचे अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास समितीत येते, तयारी त्याआधी काही महिने चालते. पैसा लागणारी मागणी दिवाळीच्या आसपास कार्यालयात पोचलेली हवी. मार्चमध्ये दिलेले निवेदन फक्त फोटोच्या कामाचे. वेळापत्रकातले बदल, थांबा हलवणे, नियंत्रक नेमणे, अशा बिनपैशाच्या मागण्या मात्र कधीही द्याव्यात, आणि आधी त्याच द्याव्यात. त्यातल्या दोन मान्य झाल्या की तुमचा गट कार्यालयात ओळखीचा होतो. व्यवस्थापकाची भेट मिळत नसेल तर महापालिकेचा लोकशाही दिन आहे, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी. अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो आणि न्यायालयात असलेले विषय त्यात घेत नाहीत. आयुक्तांसमोर विषय एकदा नोंदला गेला की खालच्या टेबलाला लेखी उत्तर द्यावे लागते.

सह्यांबद्दल दोन गोष्टी. दोन हजार सुट्या सह्यांपेक्षा वीस सोसायट्यांचे, नोंदणी क्रमांक असलेल्या लेटरहेडवरचे, व्यवस्थापक समितीच्या ठरावाची तारीख घातलेले पत्र जास्त वजनाचे. आणि सह्यांच्या कागदावर फोन नंबर असतील तर त्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरवू नका. महिला सही करायला कचरतात त्याचे हे एक सरळ कारण आहे. संध्याकाळनंतरच्या बसची सगळ्यात जास्त गरज नेमकी त्यांनाच असते.

आता स्वस्ताईकडे. खर्च कुठे होतो ते आधी मांडा. १ फेब्रुवारी २०२५ पासून मीटर रिक्षाचे पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे २६ रुपये झाले. घरापासून बसपर्यंत किंवा स्टेशनपर्यंत रोज दोनदा किमान भाड्याची रिक्षा, महिन्याला २५ दिवस : १,३०० रुपये. दुसऱ्या वर्गाचा ठाणे–सीएसएमटी मासिक पास याच्या कितीतरी आत येतो. तेहतीस-चौतीस किलोमीटर लोकलने स्वस्त आणि शेवटचे दोन किलोमीटर महाग, हे आपल्याकडचे खरे गणित आहे. म्हणून लोकलचे भाडे कमी करा अशी मागणी या पट्ट्यातल्या माणसाला फारसा फायदा देत नाही. आहे ते टिकवणे पुरे. ते टिकवावे लागते हेही लक्षात ठेवा : जून २०१४ मध्ये मासिक पास १५ ऐवजी ३० एकेरी तिकिटांच्या हिशेबाने काढायचे ठरले होते, म्हणजे पास जवळजवळ दुप्पट. मुंबईतून ओरड झाली, खासदार मंत्र्यांना भेटले आणि काही दिवसांतच तो निर्णय मागे घेतला गेला. तिथे मागणी एका आकड्याची होती, १५ की ३०, आणि दारही एकच होते.

रिक्षा परवडत नाही यावर उपाय दोन. पहिला, शेअर रिक्षाचे मंजूर मार्ग आणि मंजूर भाडे यांची यादी आरटीओकडून माहिती अधिकारात घ्या आणि प्रत्येक सोसायटीच्या फळ्यावर लावा. यादीत मार्गच नसेल तर नव्या शेअर मार्गाचा प्रस्ताव द्या. जास्त घेतले जात असेल तर गाडीचा नंबर, तारीख, वेळ यासह आरटीओकडे लेखी तक्रार. पण रिक्षावाल्यांना शत्रू करू नका. फीडर बस आली की धंदा बुडेल या भीतीने स्टँडवरून विरोध होतो आणि नवी मिनी बस पहिल्याच आठवड्यात अडवली जाते. बस मुख्य रस्त्याने, शेअर रिक्षा आतल्या गल्ल्यांतून, असे आधीच संघटनेशी बसून ठरवले तर हा प्रसंग येत नाही. दुसरा उपाय, जोडप्रवासाची सवलत. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई वन अॅप आले. लोकल, मेट्रो, बेस्ट, टीएमटी, नवी मुंबईची एनएमएमटी अशा ११ सेवांचे तिकीट त्यातून एकत्र काढता येते. तिकीट एकत्र झाले, भाडे एकत्र झाले नाही : प्रत्येक गाडीत चढताना पहिला टप्पा नव्याने सुरू होतो. म्हणून टीएमटीकडे नेमकी मागणी अशी करा : पहिले तिकीट काढल्यापासून ९० मिनिटांत दुसऱ्या टीएमटी बसमध्ये चढल्यास पहिल्या टप्प्याचे भाडे पुन्हा घेऊ नये. तिकीट मशीनमध्ये हे करता येते, आणि कसोटीसाठी एकच मार्गजोडी पुरते.

एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत. ‘मग शहर बसमध्येही हेच द्या’ म्हणताना फरक लक्षात घ्या : एसटीच्या सवलतीचे पैसे राज्य सरकार भरते. महापालिकेच्या बसमध्ये दिलेल्या सवलतीची तूट महापालिकेच्या अनुदानातून जाते. मागणी करताना अनुदानात तेवढी वाढही मागा. नाहीतर सवलत मिळते आणि फेऱ्या गुपचूप कमी होतात, मग अर्ध्या तिकिटाला काही अर्थ उरत नाही.

भाडे उतरते ते दोन कारणांनी : लोकांचा दबाव किंवा रिकाम्या जागा. नवी मुंबई मेट्रोची बेलापूर–पेंधर मार्गिका १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली. कमाल भाडे ४० रुपये होते, सप्टेंबर २०२४ पासून सिडकोने ते ३० केले. दोन ते चार किलोमीटरचे १५ वरून १० झाले. नवी गाडी मोकळी धावत असेल तर ‘भाडे कमी करा, माणसे वाढतील’ हा युक्तिवाद चालतो. गच्च भरलेल्या घोडबंदरच्या बसला तो चालत नाही. तिथे भाडे कमी करण्याची मागणी केली तर ‘आधीच जागा नाही’ हे उत्तर बरोबरच आहे. तिथे फेऱ्या मागा. एसी गाड्यांच्या बाबतीत वेगळी सावधगिरी हवी. ऑगस्ट २०२२ मध्ये मध्य रेल्वेने साध्या लोकलच्या वेळेत दहा एसी फेऱ्या सुरू केल्या, कळवा-बदलापूरला प्रवासी चिडले आणि त्या फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. लोकांचा राग एसीवर नव्हता, आपली नेहमीची गाडी गेली यावर होता. बसमध्येही तुमच्या पत्रात ही अट घाला : एसी बस जादा म्हणून यावी, साधीच्या जागी आली तर तिकीट साधीचेच असावे.

घोडबंदर रोडवरून जाणाऱ्या मेट्रो ४ बद्दल एक व्यवहारी मुद्दा. गायमुखच्या बाजूच्या टप्प्यावर सप्टेंबर २०२५ मध्ये चाचणी झाली. ही मार्गिका ठाणे रेल्वे स्थानकाला टेकत नाही. ती कॅडबरी जंक्शन, तीन हात नाक्याकडून मुलुंडला जाते. म्हणजे लोकल पकडणाऱ्याला तीन हात नाक्यापासून स्टेशनपर्यंत काहीतरी लागणारच. त्या दीड-दोन किलोमीटरसाठी दर पाच मिनिटांची छोटी बस, तीही सॅटिसवर, म्हणजे स्टेशनबाहेरच्या बसच्या उन्नत मार्गावर, न चढणारी, ही मागणी मेट्रो सुरू व्हायच्या आधी दिली तरच वेळेत उभी राहील.

रेल्वेच्या मागण्या वेगळ्या फायलीत ठेवा. विभागीय रेल्वे वापरकर्ता सल्लागार समिती असते, तिच्या सदस्यामार्फत बैठकीच्या आधी विषय लेखी पाठवता येतो. मागताना ‘गाड्या वाढवा’ नको. मार्गावर दोन गाड्यांमधले किमान अंतर ठरलेले आहे आणि गर्दीच्या वेळी ते भरलेले असते. त्याऐवजी ठाण्याहून सुटणारी अमुक गाडी दहा मिनिटे आधी सोडा, अमुक गाडी १२ ऐवजी १५ डब्यांची करा, पुलाचा जिना रुंद करा, अशा मागण्या चालतात. ठाण्याहून नवी मुंबईला जाणाऱ्या ट्रान्सहार्बर मार्गावर १२ जानेवारी २०२४ ला दिघा गाव स्थानक सुरू झाले, पण ज्या कळवा–ऐरोली जोडमार्गाचा ते भाग आहे तो झोपड्यांच्या पुनर्वसनावर अडलेला आहे. तिथे रेल्वेला निवेदने देऊन उपयोग नाही, पुनर्वसनाची घरे राज्याच्या यंत्रणेने द्यायची आहेत.

आंदोलन करायचेच तर कायदा माहीत असू द्या. ठाणे पोलीस आयुक्तालयात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चे मनाई आदेश वारंवार लागू असतात. पाच माणसे जमली तरी परवानगीचा प्रश्न येतो. थांब्यावर रांगेत उभे राहून काळ्या फिती लावणे, सकाळच्या बसमध्ये पत्रके वाटणे, याला सहसा अडचण येत नाही. रेल रोको मात्र रेल्वे कायद्याच्या कलम १७४ खाली जातो : दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. गुन्हा तरुण मुलांवर नोंदतो आणि नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत तो पुढे येतो. नेते त्या वेळी दुसऱ्या गावात असतात.

राजकारण्यांना टाळू नका, पण वाटून घ्या. नगरसेवकाकडे थांबा आणि शेड, आमदाराकडे विधानसभेतला प्रश्न किंवा लक्षवेधी, खासदाराकडे रेल्वे. अधिवेशन सुरू झाल्यावर नव्हे, निदान महिनाभर आधी प्रश्नाचा मजकूर आयता लिहून द्या, आकड्यांसकट. श्रेयाचे बॅनर लागतील. लागू द्यात, फक्त दोन पक्षांना एकच मागणी देऊ नका. तसे केले की एकाचे काम दुसरा अडवतो.

आणि मागणी मान्य झाली की धोका सुरू होतो. नवी फेरी ‘प्रायोगिक तत्त्वावर’ दिली जाते, सकाळी साडेसहाला किंवा दुपारी, कारण तेव्हा गाडी मोकळी असते. दोन आठवड्यांत ‘प्रतिसाद नाही’ म्हणून बंद. हे टाळायचे तर मंजुरीच्या पत्रातच चार गोष्टी लिहून घ्या : सुटण्याची नेमकी वेळ, किमान तीन महिन्यांची मुदत, किती सरासरी प्रवासी झाल्यास फेरी कायम होईल तो आकडा, आणि आढाव्याच्या बैठकीची तारीख. पहिले पंधरा दिवस प्रत्येक सोसायटीच्या लिफ्टमध्ये वेळापत्रक चिकटलेले हवे. लोकांना नवी बस माहीतच नसते, ते सवयीने रिक्षाकडे वळतात. पहिल्या, सहाव्या आणि अकराव्या आठवड्यात पुन्हा तीच सात रकान्यांची मोजणी करा, आणि फेरी रद्द झालेल्या दिवसांची यादी वेगळी ठेवा. आढाव्याच्या दिवशी ‘सरासरी प्रवासी २२’ असा आकडा समोर आला तर तो झालेल्या फेऱ्यांनी भागला आहे की ठरलेल्या फेऱ्यांनी, हा पहिला प्रश्न विचारा.